सिक्युरिटी मॅनेजमेंट सर्व्हरवर बाहेरून लॉगिन कसं करावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातल्या पतसंस्था, हॉस्पिटलं, टॉवेल-चादरीचे कारखाने, कॉलेजं इथलं नेटवर्क सांभाळणाऱ्या मंडळींकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल असं लिहिलं आहे. एकाच गोष्टीचा खुलासा दुसरीकडे असेल, तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्याकडे एकच फायरवॉल आहे. मग मॅनेजमेंट सर्व्हरचे नियम आम्हाला लागू होतात का?

होतात. अनेक फायरवॉलना (नेटवर्कच्या वेशीवर ये-जा तपासणाऱ्या उपकरणांना) एका जागेवरून नियम पाठवणारा आणि त्यांचे लॉग गोळा करणारा तो मॅनेजमेंट सर्व्हर. फोर्टिनेटचा फोर्टिमॅनेजर, पालो अल्टोचा पॅनोरामा, चेक पॉइंटचा सिक्युरिटी मॅनेजमेंट सर्व्हर, सिस्कोचं फायरवॉल मॅनेजमेंट सेंटर ही त्याची उदाहरणं. मोफत वापरता येणारा वाझू नियम पाठवत नाही, पण सगळ्या मशीनवरचे एजंट आणि लॉग तोच सांभाळतो, म्हणून त्यालाही तितकंच जपायचं. एकच फायरवॉल असेल तर तिचं ॲडमिन पेज हेच तुमचं मॅनेजमेंट. फरक इतकाच की फायरवॉल फुटली तर एक शाखा उघडी पडते, आणि मॅनेजमेंट सर्व्हर फुटला तर सगळ्या शाखांच्या किल्ल्या एकदम जातात.

२. बाहेरून आत जायच्या पद्धती तरी किती आहेत?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा: रस्ता आणि दार. व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा एन्क्रिप्ट केलेला बोगदा) हा रस्ता आहे. एसएसएच, म्हणजे आज्ञा टाइप करून लांबचं मशीन चालवायची सोय (टीसीपी पोर्ट २२), वेब पेज (टीसीपी ४४३), कंपनीचं विंडोज ॲप आणि रिमोट डेस्कटॉप (३३८९) ही दारं आहेत. "आम्ही व्हीपीएन वापरतो की एसएसएच?" असा प्रश्न येतो तेव्हा या दोन गोष्टींची सरमिसळ झालेली असते. दोन्ही लागतात, आणि दोन्हींना वेगवेगळं कुलूप लागतं. तिसरी गोष्ट म्हणजे मागचं दार: सीरियल कन्सोल, किंवा सर्व्हरचं आयड्रॅक, आयलो यांसारखं स्वतंत्र कार्ड. ते रोज वापरायचं नसतं, पण ते नसेल तर एक दिवस गाडी काढून शाखेत जावं लागतं (प्रश्न १५).

टेलनेट (पोर्ट २३) पासवर्ड उघड्यावर पाठवतं. जुन्या स्विचवर चालू असेल तर आजच बंद करा.

३. वेब पेज ४४३ वर इंटरनेटला उघडं आहे, पण पासवर्ड २० अक्षरी आहे. चालेल ना?

नाही. मोठा पासवर्ड अंदाज बांधणाऱ्याला थांबवतो. ज्याला लॉगिनच टाळता येतं, त्याच्यापुढे पासवर्डचा काही उपयोग नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पालो अल्टोच्या मॅनेजमेंट वेब पेजमध्ये अशीच चूक उघड झाली (जाहीर चुकांच्या यादीतला तिचा क्रमांक सीव्हीई-२०२४-००१२): त्या पेजपर्यंत नेटवर्कने पोहोचणारा कोणीही पासवर्डशिवाय ॲडमिन होऊ शकत होता. ज्यांचं पेज फक्त आतल्या ठरावीक आयपींना दिसत होतं, त्यांचा धोका खूप कमी होता.

त्याच्या एक महिना आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, फोर्टिमॅनेजरची चूक (सीव्हीई-२०२४-४७५७५) बाहेर आली, आणि ती आमच्या मते जास्त शिकवणारी आहे. ती लॉगिन पेजमध्ये नव्हतीच. फायरवॉल ज्या टीसीपी ५४१ पोर्टवरून मॅनेजरशी बोलतात, त्या सेवेत होती. म्हणून माणसांसाठीचं दार बंद करून थांबू नका. उपकरणांसाठीचे पोर्टही (फोर्टिनेट ५४१, पॅनोरामा ३९७८, सिस्को ८३०५) फक्त तुमच्या शाखांच्या आयपींनाच उघडे ठेवा.

४. मग एसएसएच उघडं ठेवतो, पोर्ट २२ चा २२२२ करतो. एवढं पुरेल?

पोर्ट बदलल्याने लॉगमधला गोंगाट कमी होतो, सुरक्षा वाढत नाही. सगळे पोर्ट चाळणाऱ्याला २२२२ सापडायला वेळ लागत नाही. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमध्ये लॉगिनच्या आधीच रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) ताबा मिळू शकेल अशी चूक जाहीर झाली (सीव्हीई-२०२४-६३८७), म्हणजे पासवर्डऐवजी 'की' (किल्लीची फाईल) वापरूनही सर्व्हर उघडा राहणं धोक्याचंच. अगदीच इलाज नसेल तर एका स्थिर आयपीपुरतं उघडा आणि फक्त कीने लॉगिन ठेवा.

५. शहरात मुख्य ऑफिस, बाहेर पाच-सहा शाखा, सांभाळणारे दोघं. तुम्ही नेमकं काय लावायला सांगाल?

वायरगार्ड या व्हीपीएनचा रस्ता, मध्ये एक जंप होस्ट (सगळ्यांनी ज्यातूनच पुढे जायचं असं मधलं मशीन), आणि दारावर की किंवा ओटीपी. क्रम असा ठेवा:

१. मॅनेजमेंट सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवर आखलेल्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) न्या. बिलिंगचे पीसी, सीसीटीव्ही, वायफाय यांतलं काहीही त्या व्हीलॅनमध्ये नको. राऊटरवर या सर्व्हरसाठी जुनं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं थेट आतल्या मशीनकडे वळवणारं सेटिंग) राहिलं असेल तर काढा. ते बहुतेक ठिकाणी राहिलेलं असतंच.

२. वायरगार्ड एका छोट्या लिनक्स मशीनवर लावा, यूडीपी ५१८२०. शक्य असेल तर ज्या फायरवॉलचे नियम तुम्ही बदलता, तिच्यावर रस्त्याचं टोक ठेवू नका. कारण प्रश्न १४ मध्ये आहे. ओळख नसलेल्या पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट चाळणाऱ्याला तिथं काही आहे हेच कळत नाही.

३. दोघांना दोन वेगळ्या कीजोड्या. एकच कॉन्फिग फाईल दोघांत वाटली तर कोण आत होतं हे कधीच कळणार नाही, आणि एकाचं बंद करताना दुसऱ्याचंही बंद होईल.

४. रस्ता फक्त जंप होस्टपर्यंत. क्लायंटवर आणि मशीनच्या फायरवॉलमध्येही जंप होस्टचा एकच आयपी, /३२ (म्हणजे फक्त तोच एक पत्ता) लिहून. नुसतं क्लायंटवर लिहिलं तर लॅपटॉपवाला ते बदलू शकतो.

५. मॅनेजमेंट सर्व्हरवर २२ आणि ४४३ फक्त जंप होस्टच्या आयपीला.

६. एसएसएचसाठी ईडी२५५१९ प्रकारची की, पासफ्रेजसकट. सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन आणि रूटचं थेट लॉगिन दोन्ही बंद.

सहाव्या पायरीवर सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून सावकाश. एक विंडो चालू ठेवा, तिला हात लावू नका. सेटिंग बदला, एसएसएचची तपासणी 'एसएसएचडी -टी' चालवा. ती काहीच न बोलता संपली तर फाईल बरोबर आहे. सेवा रीस्टार्ट करा. आता दुसऱ्या, नव्या विंडोतून लॉगिन करून पाहा. ते झालं की मगच पहिली विंडो बंद करा. रीस्टार्टने चालू सेशन तुटत नाही, त्यामुळे चूक झाली तरी पहिल्या विंडोतून मागे फिरता येतं.

६. वायरगार्डच का? फायरवॉलमध्ये एसएसएल व्हीपीएन फुकट आहे की.

वायरगार्ड लहान आहे आणि मार्च २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच (५.६) येतं. पण त्याची एक उणीव आधीच समजून घ्या: त्यात युजरचा पासवर्ड नाही, ओटीपी नाही. कॉन्फिग फाईल ज्याच्या लॅपटॉपवर, त्याला रस्ता खुला. म्हणून लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट हवी, आणि दारावरचं दुसरं कुलूप सोडायचं नाही. ॲडमिन चार-पाचांहून जास्त असतील, माणसं बदलत असतील, तर युजरनेम आणि ओटीपी विचारणारं ओपनव्हीपीएन (यूडीपी ११९४) किंवा आयपीसेक (यूडीपी ५०० आणि ४५००) सांभाळायला सोपं जातं. एसएसएल व्हीपीएन वापरत असाल तर त्याचे पॅच आले त्याच आठवड्यात टाकायची तयारी ठेवा. ते पेज जगाला दिसतं, त्यामुळे प्रश्न ३ चा धोका त्यालाही आहे.

७. व्हीपीएन असताना जंप होस्टचा वेगळा खर्च मालकांना कसा पटवायचा?

खर्च फार नाही, ४ जीबी रॅमचं व्हर्च्युअल मशीन पुरतं. सांगायचं असं: व्हीपीएन लॅपटॉपला आत घेतं, आणि लॅपटॉपवर व्हायरस असेल तर त्यालाही घेतं. जंप होस्ट मध्ये असला की लॅपटॉप थेट सर्व्हरला भिडत नाही, आणि कोण कधी आलं याची नोंद एका जागी राहते. ओपनएसएसएच ७.३ पासून 'एसएसएच -जे' या पर्यायाने एकाच आज्ञेत जंप होस्टमधून पुढे जाता येतं. की तुमच्या लॅपटॉपवरच राहते. जंप होस्टवर प्रायव्हेट की ठेवू नका, एजंट फॉरवर्डिंगही (तुमची की त्या मशीनमार्फत वापरू देणारी सोय) चालू करू नका: ते मशीन कुणी ताब्यात घेतलं तर तो तुमच्या नावाने पुढे जाईल.

८. आमचं कन्सोल हे विंडोज ॲप आहे. घरून फार संथ चालतं, मध्येच तुटतं.

चेक पॉइंटच्या स्मार्टकन्सोलबद्दल हे नेहमी येतं. ते सर्व्हरशी मुख्यतः टीसीपी १८१९० आणि १९००९ वर बोलतं आणि बरीच माहिती ओढतं, त्यामुळे मोबाईल डेटावर रडतं. ॲप घरच्या लॅपटॉपवर ठेवू नका. सर्व्हरशेजारी एक विंडोज जंप होस्ट करा, ॲप तिथं टाका, आणि व्हीपीएनमधून रिमोट डेस्कटॉपने त्यावर जा. मग वाटेवर फक्त स्क्रीनचं चित्र येतं. जीयूआय क्लायंटच्या यादीत (ॲप कुठून जोडता येईल त्या आयपींच्या) 'एनी', म्हणजे कुठूनही, असेल तर काढून त्या मशीनचा आयपी लिहा. सर्व्हर अपग्रेड केला की ॲपही त्याच आवृत्तीचं लागतं, हे विसरून बरेच जण कनेक्शनला दोष देतात.

रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ कधीही थेट इंटरनेटवर नको. २०१९ ची ब्लूकीप चूक याच दारातली होती. क्लिपबोर्ड आणि ड्राइव्ह शेअरिंगही बंद ठेवा.

९. व्हेंडर म्हणतो एनीडेस्क (लांबून स्क्रीन चालवायचं ॲप) टाका, बाकी आम्ही पुण्यातून बघतो.

माणूस समोर बसून, तेवढ्यापुरतं, जंप होस्टवर असेल तर हरकत नाही. मॅनेजमेंट सर्व्हरवर कायमचा पासवर्ड ठेवून टाकणं, याला आमचा स्पष्ट नकार आहे. कारण तुमच्या दाराची एक किल्ली तिसऱ्या कंपनीच्या घरी राहते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कने स्वतःच्याच यंत्रणेत घुसखोरी झाल्याचं जाहीर केलं होतं. व्हेंडरला त्याच्या माणसाच्या नावाचं, मुदत असलेलं खातं द्या आणि काम संपलं की त्याच दिवशी बंद करा.

१०. ओटीपी बरोबर टाकूनही चुकीचा दाखवतो.

घड्याळ बघा. ॲपमधला ओटीपी दर ३० सेकंदांनी वेळेवरून बनतो. सर्व्हरचं घड्याळ दोन मिनिटं मागे असेल तर दोघांचे आकडे जुळणार नाहीत. टाइमझोन चुकला असेल तर मात्र सहसा फरक पडत नाही, कारण हिशेब यूटीसीत होतो. तास नव्हे, मिनिटं आणि सेकंद तपासा. फार वेळ बंद राहून चालू झालेल्या सर्व्हरची सीमॉस बॅटरी संपलेली असणं हे नेहमीचं कारण. यूडीपी १२३ वरून एनटीपी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू आहे का ते पाहा (प्रश्न १९ मध्ये कोणता सर्व्हर ते आहे). बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवा, फोनच्या गॅलरीत नको.

११. घरी मोबाईलचा हॉटस्पॉट आहे, पब्लिक आयपी नाही. जमेल का?

तुमच्या बाजूला नसला तरी चालतं, कारण कनेक्शन तुमच्याकडून बाहेर जातं. अडचण येते ती ऑफिसच्या लाईनला पब्लिक आयपी नसेल तेव्हा. राऊटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) आयपी १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटणाऱ्या व्यवस्थेच्या) मागे आहात. कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरून काही येणार नाही. स्टॅटिक आयपी विकत घ्या. नाहीतर मुंबईतल्या एखाद्या क्लाउडवर छोटं मशीन घेऊन ऑफिस आणि घर दोघांनाही तिथं वायरगार्डने जोडा. ऑफिसच्या बाजूला कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, म्हणजे वाट मिटत नाही.

१२. व्हीपीएन जोडलं जातं, ऑफिसातून सर्व्हर उघडतो, पण घरूनच उघडत नाही.

घरचा राऊटर १९२.१६८.१.१ आणि ऑफिसचं नेटवर्कही १९२.१६८.१.० असणार. लॅपटॉपला वाटतं सर्व्हर घरातच आहे, मग पॅकेट व्हीपीएनमध्ये जातच नाही. तात्पुरता उपाय: व्हीपीएनमध्ये पूर्ण /२४ ऐवजी नेमका आयपी /३२ लिहा, जास्त नेमका मार्ग जिंकतो. घरातल्या प्रिंटरला तोच आयपी असेल तर तेवढा प्रिंटर दिसेनासा होईल. कायमचा उपाय म्हणजे मॅनेजमेंटचं नेटवर्क १०.४७.२०.०/२४ सारख्या, कुणाच्या घरी नसणाऱ्या पट्ट्यात हलवणं.

१३. लॉगिन होतं, पण मोठा लॉग उघडला की स्क्रीन गोठते.

एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. छोटी पॅकेटं जातात, मोठी वाटेत पडतात. वायरगार्ड १४२० धरतं. मोबाईल नेटवर्कवर वाटेत आणखी वेष्टणं चढतात. तुकडे न करण्याच्या खुणेसह १३९२ बाइटचा पिंग बोगद्यातून पाठवा (२८ बाइट हेडर धरून १४२०). उत्तर नाही आलं तर एमटीयू १३८० करा, तरी नाही तर १२८०.

१४. चुकीचा नियम सगळ्या शाखांना पाठवला आणि आम्हीच बाहेर अडकलो. पुढच्या वेळी काय करू?

नियम पाठवण्याआधी परतीची वेळ लावा. ज्युनिपरवर 'कमिट कन्फर्म्ड' दिलं आणि १० मिनिटांत पुन्हा दुजोरा दिला नाही तर जुनं कॉन्फिग आपोआप परत येतं. सिस्कोच्या राऊटरवर बदल सेव्ह न करता 'रीलोड इन १०' लावतात. अडकलात तर मशीन स्वतः रीस्टार्ट होऊन जुन्या कॉन्फिगवर येतं. सगळं ठीक झालं तर तो रीलोड रद्द करायला विसरू नका, नाहीतर भर कामाच्या वेळी शाखा बंद पडेल. पॅनोरामाच्या नव्या आवृत्त्यांत, नियम लावल्यावर संपर्क तुटला तर फायरवॉल स्वतःच मागे फिरते.

एका शाखेवर आधी लावा, १५ मिनिटं थांबा, मग बाकीच्या. आणि अपग्रेड नेहमी टीमक्स या टर्मिनल प्रोग्रामच्या आत चालवा, म्हणजे तुमचं नेट गेलं तरी काम अर्धवट तुटत नाही.

१५. मागच्या दारासाठी काय काय सामान लागतं?

एक मिनी पीसी किंवा जुना पण धड लॅपटॉप, मुख्य लाईनपेक्षा वेगळ्या कंपनीचा ४जी डोंगल, यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर आणि कन्सोल केबल. केबलचं एक टोक आरजे४५ असतं, दिसायला लॅनच्या वायरसारखंच, पण आतला क्रम उलटा. निळी, चपटी मिळते. ती 'कन्सोल' लिहिलेल्या खोबणीतच जाते. तिच्यावर टेप लावून पेनने स्पीड लिहून ठेवा: बहुतेक फायरवॉलना ९६००, काहींना ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट.

स्क्रीनवर विचित्र अक्षरं आली तर स्पीड चुकला. काहीच न येता कर्सर नुसता लुकलुकत राहिला तर केबल चुकीची किंवा फ्लो कंट्रोल चालू. विंडोजवर कन्व्हर्टर 'कोड १०' दाखवत असेल तर तो बहुधा नकली प्रोलिफिक चिपचा आहे. ड्रायव्हर शोधण्यात दिवस घालवू नका, एफटीडीआय चिपचा आणा.

आयड्रॅक किंवा आयलो असेल तर त्याची लॅन वेगळ्या व्हीलॅनमध्ये ठेवा, आणि आयपीएमआय (सर्व्हर लांबून सांभाळायची पद्धत, यूडीपी ६२३) बंद करा. आयपीएमआय २.० च्या रचनेतच अशी खोट आहे की विचारणाऱ्याला पासवर्डचा हॅश मिळतो.

डोंगलचा पीसी आणि मधला स्विच यूपीएसवरच हवेत. मे महिन्यात पारा ४० च्या वर असताना लाईट जाते, सर्व्हर यूपीएसवर चालू राहतो आणि मागचं दार साध्या सॉकेटवर असल्यामुळे बंद पडतं, असं बऱ्याच रॅकमध्ये दिसतं. दर महिन्याला एकदा घरून, मुख्य लाईन न वापरता, या वाटेने लॉगिन करून पाहा. सिमचा रिचार्ज संपलेला त्याच दिवशी कळतो.

१६. पंढरपूरच्या शाखेचं मागचं दार मोबाईलवर आहे. आषाढीला नेटवर्कच मिळत नाही.

लाखोंची गर्दी एका गावात आली की टॉवरवर ताण येणारच. सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत यात्रेच्या परिसरातही हाच अनुभव. त्या दिवसांत मोबाईल हे मागचं दार धरू नका. शाखेला दुसरी फायबर लाईन घ्या, किंवा एकादशीच्या आधीच्या आठवड्यापासून गर्दी ओसरेपर्यंत नियम बदलणं थांबवा. तातडीचं काम आलंच तर वेब पेज उघडायचा हट्ट सोडून एसएसएच वापरा, त्याला फार थोडा डेटा लागतो. जंप होस्टवर मॉश (यूडीपी ६०००० ते ६१०००) असेल तर तुटत्या नेटवर्कवरही सेशन टिकतं.

१७. एसएसएच म्हणतं 'होस्टची ओळख बदलली आहे'. जुनी ओळ पुसून पुढे जाऊ?

लगेच नको. सर्व्हर पुन्हा इन्स्टॉल केला असेल, किंवा जोडीतल्या दुसऱ्या सर्व्हरने काम हाती घेतलं असेल, तर हे होणारच. तसं काही झालं नसेल तर मध्ये कोणीतरी असू शकतं. कन्सोलवरून (प्रश्न १५) फिंगरप्रिंट (सर्व्हरच्या कीची छोटी ओळखखूण) वाचा आणि स्क्रीनवरच्या एसएचए२५६ ओळीशी पूर्ण जुळवा, शेवटची चार अक्षरं जुळली म्हणून सोडू नका. ब्राउझरच्या इशाऱ्यालाही हेच.

१८. एक ॲडमिन नोकरी सोडून गेला. काय काय बंद करायचं?

त्याचा व्हीपीएन पीअर (व्हीपीएनमधली त्याच्या लॅपटॉपची नोंद), प्रत्येक मशीनवरची त्याची पब्लिक की, स्थानिक खाती, ओटीपीची नोंद, आणि त्याला माहीत असलेले सामाईक पासवर्ड. हमखास राहते ती एपीआय की (माणसाऐवजी प्रोग्रामने लॉगिन करायची): त्याने बॅकअपच्या स्क्रिप्टसाठी स्वतःच्या नावावर काढलेली. खातं बंद केल्यावर चालू सेशनही तोडा. नुसतं खातं बंद केल्याने आत असलेला माणूस बाहेर पडतोच असं नाही.

१९. सर्ट-इनचे नियम आम्हाला लागू होतात का?

सर्ट-इन ही सायबर सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था. तिचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कंपन्या आणि संस्थांनाही लागू आहेत. या विषयापुरत्या तीन गोष्टी लक्षात ठेवा: घुसखोरी लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणं, लॉग १८० दिवस भारतात ठेवणं, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपीशी जुळवणं. व्हीपीएन आणि जंप होस्टचे लॉगिनचे लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवा. त्याच सर्व्हरवर राहिले तर घुसणारा पहिल्यांदा तेच पुसतो.

२०. सगळं ॲक्टिव्ह डिरेक्टरीला जोडलं आहे. तीच बंद पडली तर?

हा प्रश्न उशिरा विचारला जातो. ॲक्टिव्ह डिरेक्टरी, म्हणजे सगळ्यांची युजरनेम आणि पासवर्ड सांभाळणारा डोमेन सर्व्हर, फायरवॉलच्या पलीकडे, फायरवॉल दुरुस्त करायला मॅनेजमेंट सर्व्हर, आणि त्यावर लॉगिन करायला डोमेन सर्व्हर. वर्तुळ पूर्ण झालं. म्हणून मॅनेजमेंट सर्व्हर, जंप होस्ट आणि प्रत्येक फायरवॉलवर एकेक स्थानिक आपत्कालीन खातं ठेवा, प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. ते कन्सोलवरूनच चालेल असं करा, आणि त्याने लॉगिन झालं की सगळ्यांना मेसेज जाईल असा अलर्ट लावा. पासवर्ड कागदावर, बंद पाकिटात, चिकटवलेल्या जागेवर दोघांच्या सह्या करून तिजोरीत. त्याच पाकिटात सर्व्हर, जंप होस्ट आणि शाखांचे आयपी छापून ठेवा, कारण त्या वेळी डीएनएसही बंद असेल. पाकीट फोडलं की पासवर्ड बदला आणि नवं पाकीट त्याच संध्याकाळी परत ठेवा.